गव्हावर टाकलेली ज्वारी

ही हकीकत पूर्ण सांगायचं मी आजवर टाळत आलो. अर्धी सांगायला मला फार आवडतं. शाहूपुरीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीत महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी आई किंवा बाप लहान पोराला घेऊन येतो, हातातली डॉक्टरांची चिठ्ठी दाखवतो आणि विचारतो, "ते गहू न चालणारे अण्णा तुम्हीच काय?" मी त्यांना बाकड्यावर बसवतो, चहा मागवतो आणि सुरुवात करतो ती थेट डॉक्टरीणबाईंनी मला माझा धंदा विचारला तिथपासून. लोक हसतात. रडवेल्या चेहऱ्यानं आलेली आई जाताना हसत जाते, आणि मला वाटतं, चला, आज एक बरं काम झालं.

पण गोष्ट तिथं सुरू होत नाही. ती तीन वर्षं आधी, त्याच गिरणीत, त्याच बाकड्यासमोर सुरू होते. तिथं मी जे बोललो ते मी कुणालाच सांगत नाही. आता माझं वय शहात्तर आहे. माझी नात गौरी चौदा वर्षांची झाली. मध्यंतरी ती म्हणाली, "अज्जा, तू सगळ्यांना सांगतोस ते एकदा लिहून काढ की. लोकांच्या उपयोगी पडंल." म्हणून लिहायला बसलो, आणि पहिल्याच पानावर कळलं की तोंडी अर्धं सांगणं सोपं असतं, लिहिताना ते जमत नाही.

चपातीचं घर

माझं बालपण गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात गेलं. घरी रोज ज्वारीची भाकरी, जत्रेला भात. गहू फक्त सणाला. आम्हा लिंगायतांच्या घरात सणाला खपली गव्हाची हुग्गी होते, म्हणजे गूळ घालून घोटलेली खीर. हुग्गी खाल्ली की पुढचे दोन दिवस माझं पोट बिघडायचं. आई म्हणायची, "हावऱ्यासारखं खाल्लं की असंच होतंय." तसे आम्ही चौघे भाऊ हावऱ्यासारखेच खायचो. बिघडायचं माझं एकट्याचं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

पुढं कोल्हापुरात येऊन मी गिरणी टाकली. दोन चक्क्या, एक बाकडं आणि सकाळपासून डबे घेऊन उभ्या असलेल्या बाया. चार पैसे दिसायला लागल्यावर घरात पहिला बदल केला तो ताटात. भाकरी बंद, दोन्ही वेळा चपाती. त्या काळी चपाती खाणारं घर म्हणजे वर आलेलं घर. पाहुण्यांना मी मुद्दाम सांगायचो, आमच्यात भाकरी होतच नाही. माझी बायको शांता तेव्हा काही बोलायची नाही.

आमच्या घराण्याचा राग प्रसिद्ध. वडील रागात ताट भिरकवायचे. मीही भिरकवलंय. लोक म्हणायचे, "त्यांच्या रक्तातच हाय ते." मला याची लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, थोडा अभिमानच वाटायचा. रक्तातलं आहे म्हटलं की माणसाला काही करावं लागत नाही.

मुलगा महेश याचं लग्न आजऱ्याच्या विजयाशी झालं. आजरा म्हणजे भाताचा मुलूख. विजयाची आई गंगाक्का विधवा होत्या, घनसाळ तांदळाची थोडी शेती आणि काजूची दहा-बारा झाडं यांवर त्यांनी मुलीला वाढवलं होतं. लग्नाच्या पंगतीतच मी त्यांना म्हणालो, "अक्का, भात खाऊन अंगात ताकद कशी यायची?" त्या म्हणाल्या, "ताकद न्हाय अण्णा, पर झोप झकास येती." दोघंही हसलो. सुरुवात अशी चांगली होती.

गाल येणं आणि गाल जाणं

गौरी आजोळी जन्मली आणि पाच महिन्यांची होऊन आमच्याकडं आली. वरचं अन्न द्यायची वेळ झाली तेव्हा मी विजयाला सांगितलं, बाजारातला डबा आणायचा नाही, गिरणीवाल्याची नात आहे ती. मी स्वतः गहू निवडले, तीन दिवस भिजवले, वाटले, गाळले आणि गव्हाचं सत्त्व काढलं. त्याची दूध-गूळ घातलेली खीर रोज सकाळी मी माझ्या हातानं तिला भरवायचो.

दीड वर्षाची झाली तेव्हा तिचं पोट घागरीसारखं आणि हातपाय काडीसारखे झाले होते. दिवसातून सात-आठ वेळा जुलाब. रडणं असं की दोन्ही चक्क्या चालू असतानाही वरच्या आमच्या घरातून मला खाली गिरणीत ऐकू यायचं. शेजारचे म्हणायचे, "अज्जावर गेलीया. त्योच राग." मी कौतुकानं मान हलवायचो.

जंताचं औषध झालं, लिव्हरचं टॉनिक झालं, दृष्ट काढून झाली. एका डॉक्टरांनी माझ्या सत्त्वाची तारीफ केली आणि दोन वेळा द्यायला सांगितलं.

मे महिन्यात आणि दिवाळीत विजया तिला घेऊन आजऱ्याला जायची. महिनाभरानं पोरगी गाल घेऊन परत यायची. आल्याबरोबर जिना दोनदा चढायची-उतरायची. मग कोल्हापुरात महिना गेला की गाल गेले, जिना गेला, पुन्हा आईच्या कडेवर. आम्ही सगळे म्हणायचो, आजऱ्याची हवा चांगली. हवा सोडून दुसरं काही तिथं वेगळं असेल, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. म्हणजे, एकीच्या आलं होतं.

त्या दिवशी गिरणीत

गौरी चार वर्षांची होती. दिवाळी उरकून गंगाक्का मायलेकींना सोडायला आल्या आणि परतीची दुपारची एसटी गाठायची म्हणून घरी न थांबता खाली गिरणीतच मला भेटायला आल्या. बाकड्यावर गौरी बसली होती. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. चक्कीच्या आवाजात त्या मोठ्यानं म्हणाल्या:

"अण्णा, राग मानू नका, पर बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाय. पोर आमच्यात असली की खेळतीया, तुमच्यात आली की वाळतीया. चार वर्सं बघतीया मी. तुमच्या घरचं कायतरी तिला सोसत न्हाय. एक वरीसभर माझ्याजवळ ठेवा की."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं चार वर्षं नुसतं बघून काढलेलं हे निदान अक्षरशः बरोबर होतं. मला त्यात ऐकू आलं ते एवढंच, की ही बाई चार लोकांत माझ्या घराला नावं ठेवते आहे.

चक्की चालू राहिली असती तर माझे शब्द निदान त्या घरघरीत विरले असते. मी पट्टा सरकवला, चक्की थांबू दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"आमचं घर सोसत न्हाय? कीड तुमच्या रक्तात हाय. तुमचं पोरगं असंच वाळून गेलं न्हवं? तीच कीड आता माझ्या घरात आलीया."

गंगाक्कांचा एकुलता मुलगा सुरेश सहाव्या वर्षी विषमज्वरानं गेला होता. त्याचा आणि गौरीच्या दुखण्याचा काही संबंध नव्हता. तो कशानं गेला हे मला नीट ठाऊक होतं. सोयरीक ठरताना मीच विचारून घेतलं होतं.

 गंगाक्कांनी पिशवीतून मूठभर काजू काढून गौरीच्या हातात दिले, पदर सारखा केला आणि रस्त्याला लागल्या. मी पाठीमागून ओरडलो, "गौरी आता आजऱ्याला येणार न्हाय."

आणि तीन वर्षं मी तिला जाऊ दिलं नाही. महेशला माझ्यापुढं बोलायची सवय नव्हती. विजया माझ्याशी कामापुरतं बोलायची. गौरी सात वर्षांची झाली तेव्हा चारची दिसत होती. शाळेत नवीन आलेल्या बाईंनी तिला हाताला धरून बालवाडीच्या वर्गात नेऊन बसवलं होतं.

डबल बेल

त्याच सुमाराला माझं सुरू झालं. आधी जिना चढताना धाप. मग पोट. पायजम्याची नाडी दर आठवड्याला एक वीत जास्त उरायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "अण्णा, बारीक झालासा की, झकास दिसतासा." मी हसायचो आणि आत मागच्या मागं धावायचो. एके सकाळी गव्हाचा डबा उचलला आणि डब्यासकट खाली बसलो. महेशनं रिक्षा बोलावली आणि राजारामपुरीतल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडं नेलं.

रक्त निम्म्यावर आलं होतं. तीन महिने गोळ्या खाऊनही वर सरकेना, तेव्हा भरती व्हायला सांगितलं. रक्ताच्या बाटल्या चढल्या. आजारी माणसाला एक गोष्ट सांगतो: डॉक्टर काय म्हणाले यापेक्षा ते बाहेर जाऊन मुलाशी किती वेळ बोलले, हे आपण मोजत असतो. महेश बाहेर बराच वेळ उभा होता आणि आत आल्यावर त्यानं उगाच पंख्याचा वेग कमी-जास्त केला. मी समजलो, मोठा आजार. घरी कुणी ते नाव घेत नव्हतं, पण शांतानं देवाला काहीतरी नवस बोललेला होता, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेजारच्या खाटेवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वॉर्डातला कुणीही उठून संडासाकडं निघाला की मामा तोंडानं गाडी सुटतानाची डबल बेल द्यायचे. परत आला की एकच घंटी. माझ्या फेऱ्या सगळ्यांत जास्त. तिसऱ्या दिवशी ते सिस्टरना म्हणाले, "ह्यांना पास काढून द्या, रोजचं तिकीट परवडत न्हाय." मी इतका हसलो की सलाईनची सुई हलली आणि सिस्टर आम्हा दोघांवर ओरडल्या. भीतीच्या त्या आठवड्यात मला हसायला आलं, हे त्या माणसाचे उपकार.

तोंडातून नळी घालून तपासायचं ठरलं. मी मामांना विचारलं, "दुखतंय काय हो?"

"दुखत न्हाय. तासभर बोलता येत न्हाय. घरच्यांना लई बरं वाटतं."

आणि या सगळ्या दिवसांत शांता दोन वेळचा डबा आणायची. तुपात भिजवलेल्या चार चपात्या. ताकद यावी म्हणून.

धंदा काय?

नळीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्याचा अहवाल आठ दिवसांनी आला. आता माझ्या आवडत्या भागाशी आलो. खोलीत मी, शांता, महेश, आणि दाराशी गौरीला कडेवर घेतलेली विजया. डॉक्टर म्हणजे पस्तिशीतल्या एक बाई. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं, "काका, धंदा काय तुमचा?"

"पिठाची गिरणी."

त्या आधी माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू आवरेना. "माफ करा," म्हणाल्या, "पण आजपासून तुम्हाला गहू बंद. जन्मभर."

मी म्हणालो, "बाई, कॅन्सर किती दिसाचा हाय ते सांगा."

"कॅन्सर नाही. सिलिॲक म्हणतात याला. गव्हातला चिकटपणा तुमच्या आतड्याला सोसत नाही. गहू सोडलात की आतडं आपोआप सुधारतं. दुसरं औषध नाही."

शांतानं पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं वाटलं, पण ती हसत होती. महेशही हसायला लागला. चाळीस वर्षं मी ज्याच्या पिठात उभा होतो तेच मला खात होतं. जगात याहून मोठी थट्टा कुठली? मीही हसलो. मोठ्या आजारातून सुटल्याचं ते हसणं होतं.

मग त्यांनी सहज विचारलं, "हे घराण्यात असू शकतं. घरात आणखी कुणाचं पोट असं आहे?"

दारातून विजया म्हणाली, "हिचं."

डॉक्टरांनी गौरीला जवळ बोलावलं, पोटावर हात ठेवला, दंड बोटांत धरून बघितला. "कधी बरी असते का ही?"

"आजऱ्याला असली की असती. माझ्या माहेरी."

"तिथं काय खाता?"

"भात," विजया म्हणाली. "तांदळाची भाकरी. आंबोळी. नाचणी. आमच्यात गहू नसतोच."

खोलीत कुणी हसेना. विजयानं माझ्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

बाकीचे बाहेर गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "हे कुणाच्या रक्तातून आलं?" त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आजाराचं बी रक्तातून येतं, पण ते पुष्कळांत असतं आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. बी असावं लागतं आणि ताटात गहूही यावा लागतो. एकट्यानं काही होत नाही. तेवढं असूनही कुणाला होतं आणि कुणाला नाही, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. महेशमध्ये बी असणार, पण तो चपात्या पचवून बसला आहे. सुनेकडूनही काही आलं असेल, नाही असं नाही. "पण आजार दिसतोय तो तुमच्यात, काका. तेव्हा आधी तुमच्याकडंच बोट जाणार."

मी ज्वारीवर वाढलो म्हणून बचावलो. वर आलो म्हणून आजारी पडलो. आणि जे पोरीच्या रक्तात माझ्याकडून गेलं होतं, त्याला पहिला दाणा मीच माझ्या हातानं भरवला होता.

गौरीच्या तपासण्या झाल्या. तेच निघालं.

गव्हावर टाकलेली ज्वारी

त्या संध्याकाळी चाळीस वर्षांनी आमच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज आला. शांता परातीसमोर बसली होती आणि तिचे हात काही विसरले नव्हते. पहिली भाकरी टम्म फुगली तशी ती म्हणाली, "एक सांगू? मला भाकरीच आवडती. तुमच्या इज्जतीपायी चाळीस वर्सं चपात्या लाटल्या मी."

"मग बोलायचं न्हाईस?"

"बोललं असतं तर ताट कुठं पडलं असतं?"

एवढं बोलून तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली. माझ्या आजारपणात सगळ्यात जास्त कुणाची तब्येत सुधारली असेल तर तिची.

पंधरा दिवसांत गौरीचे जुलाब कमी झाले, पण थांबेनात. माझंही तसंच, एक दिवस बरा, एक दिवस बिघडलेला. डॉक्टर म्हणाल्या, कुठून तरी गहू पोटात जातोय. आम्ही घर धुंडाळलं. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा सापडला, तो महेशनं वाचला. हिंग गेला, तरी पूर्ण आराम नाही.

शेवटी विजया खाली गिरणीत आली. तीन वर्षांत ती आपणहून माझ्याशी बोलायला पहिल्यांदा आली होती. तिनं विचारलं, "अप्पा, आपली ज्वारी कशावर टाकता?"

गिरणी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. एक दळण संपलं की दगडांच्या मध्ये पसा-दोन पसे पीठ राहतं, ते पुढच्या दळणात येतं. म्हणून शहाण्या बाया आधीच बजावतात, "अण्णा, माझी ज्वारी ज्वारीवर टाका बरं." उपासाचं दळण असलं तर मी चक्की उघडून दगड झाडून घ्यायचो. लोकांचा उपास मोडू नये याची मला एवढी काळजी होती. आणि घरचं दळण? ते गिऱ्हाइकांची गर्दी संपल्यावर, शेवटी, जे चालू असेल त्यावर. बहुतेक वेळा गव्हावर.

मी विजयाला म्हणालो, "गव्हावर."

 मीच चक्की बंद केली, दगड उचलून घासले. दुसऱ्या दिवशी दुसरी चक्की मागच्या वेगळ्या खोलीत हलवली. तिच्यावर त्या दिवसापासून ज्वारी, तांदूळ आणि नाचणी सोडून काहीही पडलेलं नाही. गव्हाची चक्की महेशकडं दिली, कारण उडणारं पीठही मला नको होतं. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ताट बदलून भागत नाही, दळण कशावर पडतं ते विचारा. गिरणीवाला कुरकुर करील. करू दे.

मग मात्र गंमत झाली. गौरीला भूक लागायला लागली. पोरगी सकाळी भाकरी, शाळेतून आली की भाकरी, आणि मध्ये शेंगदाण्याचा डबा रिकामा. जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीत आखूड झाला, तेव्हा शिंपी विजयाला म्हणाला, "वैनी, मापात माझी चूक न्हाय, सांगतो." विजया त्याच्या दुकानात हसत बसली. घरी येऊन तो आखूड फ्रॉक तिनं सगळ्यांना दोन-दोनदा दाखवला. एके दिवशी गौरी सदरा वर करून माझ्यापुढं उभी राहिली. "अज्जा, बघ, माझं पोट आत गेलं."

लग्नाकार्यात ती थेट आचाऱ्यासमोर उभी राहायची. "काका, हिंग कुठला घातलाय?" एकदा पूजेच्या प्रसादाचा शिरा नाकारला म्हणून एक वडीलधारे गृहस्थ चिडले, "देवाचा प्रसाद हाय, कायबी होत न्हाय." ही म्हणाली, "देवाला चालतंय, मला चालत न्हाय." 

आणि तिचा तो प्रसिद्ध राग, अज्जावर गेलेला? दोन-तीन महिन्यांत गेला. पोट दुखेना तसं रडणं थांबलं आणि आत एक गमती स्वभावाची पोरगी सापडली, जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. माझाही पारा पुष्कळ उतरला. एकदा आमटीत मीठ नव्हतं आणि मी नुसतंच मीठ मागितलं. शांता हातातली पळी तशीच धरून बघत राहिली. "म्हणजे आमच्या सासऱ्यांपासूनचा राग गव्हात होता व्हय? आणि आम्ही रक्त-रक्त म्हणत बसलो."

मला हे फार आवडलं. इतकं आवडलं की काही दिवस मी मनाशी म्हणत होतो, गिरणीत त्या दिवशी जे झालं तेही गव्हामुळंच. तेवढ्यावर भागवता आलं असतं.

या पावणं

विजयाची मी माफी मागितली. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, तिच्या पाठीकडं बघत. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "मला न्हाय, अप्पा. आईला सांगा."

पुढच्या मे महिन्यात गौरीला घेऊन मी आजऱ्याला गेलो. एसटीत तीन तास वाक्यं जुळवत होतो. गंगाक्का दारातच होत्या. गौरीला त्यांनी उचलायला बघितलं आणि ती आता उचलत नाही हे कळल्यावर मोठ्यानं हसल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "या पावणं."

आधी त्या मला अण्णा म्हणायच्या. आमच्याकडं पावणं म्हणतात ते अनोळखी माणसाला. मी जुळवून आणलेलं वाक्य त्या एका शब्दासरशी विसरलो. तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "आधी पाय धुवा. मग जेवा. बोलायला काय, हायच की." तांदळाची भाकरी, काजूची उसळ आणि घनसाळचा भात. इतकं पोटभर, इतकं निर्धास्त मी वर्षानुवर्षं जेवलो नव्हतो. जेवलो, आणि बोलणं राहिलं.

नंतर दर मे आणि दर दिवाळी. मी सोडायला जायचो, आणायला जायचो. दोन वर्षांनी कधीतरी त्या पुन्हा अण्णा म्हणायला लागल्या. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही. गौरी त्यांच्या अंगणात पोरं जमवून आंब्याच्या झाडाखाली गोंधळ घालायची आणि आम्ही दोघं सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसून तिच्या आवाजाकडं कान लावून असायचो. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या. माझ्या उतारवयात मला असं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी त्या काजू सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अण्णा, काय सांगायचं हाय ते सांगून टाका की. किती दिस तोंडात घोळवतासा."

त्यांनी दार सताड उघडून दिलं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "तांदूळ यंदा झकास आलाय."

त्यांनी हात थांबवला, माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाल्या. "पाऊस बरा झाला." आणि पुन्हा सोलायला लागल्या.

गेल्या वर्षी श्रावणात त्या गेल्या. सकाळी छातीत दुखायला लागलं आणि दुपारी गेल्या. विजया म्हणते, "आईला कळलं हुतं सगळं, अप्पा." कळलं असेल. पण मी बोललो होतो ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि हेही त्यांना कानांनीच ऐकू जायला हवं होतं. म्हणून आता इथं, गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो तसंच चार लोकांसमोर, लिहितो:

गंगाक्का, तुमच्या सुरेशचं नाव मी काढायला नको होतं. तो तापानं गेला हे मला माहीत होतं, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त कुठं लागेल हे बघून मी बोललो. गौरीचं दुखणं माझ्याकडून आलं होतं. ते मला माहीत नव्हतं, त्याची माफी मी मागत नाही. पण ते शब्द मी गव्हावर ढकलणार नाही, आणि वडिलांच्या रक्तावरही नाही. ते माझे होते. तीन वर्षं पोरीला तुमच्यापासून तोडलं, तेही मीच. मला माफ करा, अक्का.